पत्रीमागचे अनामिक ऋषी

भाद्रपद शुद्ध चतुर्थीस घरोघरी पार्थिव गणेशाची स्थापना होते. पुष्पपूजेपाठोपाठ पत्रीपूजेचा क्रम येतो. गुरुजी एकेक नाम उच्चारतात आणि यजमान एकेक पान देवाच्या चरणी वाहतो. मालती, माका, बेल, दूर्वा, बोर, धोतरा, तुळस, शमी, आघाडा, डोरली, कण्हेर, रुई, अर्जुन, विष्णुक्रांता, डाळिंब, देवदार, मरवा, पिंपळ, जाई, केवडा आणि हादगा अशी ही एकवीस पाने. पोथ्यापोथ्यांतून नावांत व क्रमात थोडा पाठभेद आढळतो; पण पूजेचा गाभा सर्वत्र एकच आहे.

या यादीकडे भक्ताने एकदा वाटसरूच्या दृष्टीने पाहावे. माका पाणथळ बांधावर मिळतो, अर्जुन नदीच्या काठी. बोर व शमी कोरड्या माळावरच्या, तर केवडा खाडीच्या ओलीचा. आघाडा आणि धोतरा गावाबाहेरच्या पडीत जागेवर, तुळस अंगणात, पिंपळ पारावर. देवदार तर हिमालयाचा रहिवासी. म्हणजे ही पत्री ज्याने पहिल्याने जमविली, त्याचे पाय शेत, माळ, नदी, खाडी आणि डोंगर या साऱ्यांना लागलेले होते. शिवाय यांतील धोतरा, कण्हेर व रुई विषारी आहेत. कोणते पान वाटून पोटात द्यावे, कोणते केवळ बाहेरून लावावे आणि कोणते मुलांच्या हाती लागू देऊ नये, हा विवेक असल्याखेरीज अशी यादी सिद्ध होत नाही. पत्रीपूजा ही भक्ती तर खरीच. परंतु त्याबरोबर ती आपल्या भोवतालच्या सृष्टीची वार्षिक उजळणीही आहे.

आज त्या उजळणीचे काय झाले आहे, ते सुज्ञ वाचकांस सांगणे नलगे. चतुर्थीच्या आदल्या दिवशी बाजारात दोरीने बांधलेली हिरवी जुडी मिळते. तीत एकवीस प्रकार आहेत की सात, हे घेणारा पाहत नाही. देवदार महाराष्ट्राच्या रानात उगवत नाही, तरी देवदार म्हणून काहीतरी त्या जुडीत असतेच. दसऱ्यास आपट्याच्या जागी कांचनाची पाने सोने म्हणून वाटली जातात, तोच हा प्रकार. ही जुडी डोंगरातून पहाटेच डोक्यावर आणणारी बाई मात्र त्यातील पान न् पान ओळखते. तिला आम्ही भाव विचारतो, नाव विचारत नाही. आमच्या मते आजच्या उत्सवातील सर्वांत मोठी उणीव हीच आहे. पान देवास पोचते; पान ओळखणारा मनुष्य मात्र देवळाच्या पायरीशीच राहतो. तो नाहीसा झाला, तर पानही नाहीसे होईल, हे आम्हांस या लेखात सांगावयाचे आहे.

संहितांची साक्ष

कोणी म्हणेल, वनस्पतींचे ज्ञान आमच्या ग्रंथांत सुरक्षित आहे. रानातल्या अक्षरशत्रूची त्यासाठी गरज काय? संस्कृत ग्रंथांच्या सहवासात आयुष्य घालविलेल्या आम्हांस या प्रश्नाचे उत्तर ग्रंथांतूनच द्यावेसे वाटते. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील पहिल्याच अध्यायात आचार्य स्पष्ट सांगतात, की औषधी वनस्पती नावाने आणि रूपाने ओळखतो तो शेळ्या, मेंढ्या व गाई राखणारा आणि इतर वनवासी लोक. सुश्रुतसंहिताही तेच सांगते. गुराखी, तापसी, व्याध, रानात हिंडणारे आणि कंदमुळांवर निर्वाह करणारे यांच्याकडून वैद्याने औषधांची ओळख करून घ्यावी, असा तिचा आदेश आहे. वैद्यकाचे दोन्ही महाग्रंथ अशा रीतीने आपले देणे आरंभीच मान्य करतात. ऋण मान्य करण्यात त्यांना कमीपणा वाटला नाही. तो वाटू लागला आहे तो आम्हा उत्तरकालीनांना.

चरकाचार्य तेथेच थांबत नाहीत, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. केवळ नाव आणि रूप जाणल्याने औषधाचा जाणकार होत नाही. देश, काळ व रोगी पाहून त्याची योजना करणारा तोच खरा तज्ज्ञ, असे ते पुढे बजावतात. म्हणजे लोकांचे सर्वच म्हणणे डोळे मिटून स्वीकारावे, असा याचा अर्थ नव्हे. साप चावलेल्या माणसास मांत्रिकापुढे बसवून ठेवणे हे लोकज्ञान नसून लोकभ्रम आहे, आणि त्याने दरवर्षी बळी जातात. ज्ञान रानातून यावे, शास्त्राने ते पारखावे आणि पारखणाऱ्याने आणणाऱ्यास विसरू नये, हा आमच्या परंपरेचा खरा मार्ग होय.

छांदोग्य उपनिषदातील सत्यकाम जाबालाचे आख्यान कीर्तनातून पुष्कळांनी ऐकले असेल. गुरूने त्या पोरास चारशे अशक्त गाई देऊन रानात धाडले. त्यांच्या हजार झाल्यावरच परतेन, असा निश्चय त्याने केला. त्या वनवासात त्यास ब्रह्माचा एकेक पाद शिकविला तो वृषभाने, अग्नीने, हंसाने आणि मद्गु नावाच्या पाणपक्ष्याने. परतल्यावर गुरूने ते ज्ञान पूर्णत्वास नेले. गाई राखता राखता मिळालेली विद्या ही विद्याच नव्हे, असे त्या गुरूने म्हटले नाही, ही या कथेतील लक्षात ठेवण्याजोगी गोष्ट आहे.

जिभेवरची संहिता

ऋषिपंचमीस सप्तर्षींची अरुंधतीसह पूजा होते आणि बैलाच्या श्रमाविना उगवलेले अन्न खाण्याचा नेम पाळला जातो. ऋषीची भाजी आमच्या घरांतून अजून शिजते. पण तीमधील कंद आणि पाला आता बहुधा नांगरलेल्या मळ्यातूनच येतो. नांगराविना पोट कसे भरावे, हे आजही जाणणारे लोक सह्याद्रीत आहेत. मृगाच्या पावसाबरोबर रानात शेवळे उगवतात. ती नुसती शिजविली तर घसा खाजतो. म्हणून त्यांत काकडाच्या आंबट फळांचा रस घालावा, हे कातकरी व ठाकर स्त्रियांना आईच्या मांडीवर शिकायला मिळते. वर आलेला कोंब खुडावा, खालचा कंद हलवू नये, म्हणजे पुढच्या मृगात तो पुन्हा वर येतो. एका भाजीच्या पाककृतीत आहारशास्त्र, वैद्यक आणि संरक्षण हे तिन्ही एकत्र नांदतात.

हिरड्याचेही तसेच. जुन्नर, आंबेगाव, अकोले या भागांतील महादेव कोळी कुटुंबे कोवळी फळे वेचून वाळवितात, तो बाळहिरडा. अर्धपक्व फळ कातडे कमावण्याच्या उपयोगाचे, म्हणून तो चांभारी हिरडा. पूर्ण पिकलेला तो सुरवारी. एकाच फळाची तीन वये आणि तीन उपयोग लोकांनी नुसत्या नावांत बांधून ठेवले आहेत. ही नावे विसरली जातील, त्या दिवशी झाड उभे असूनही अर्धे मेलेले असेल.

अकोले तालुक्यातील कोंभाळणे येथील राहीबाई पोपेरे यांना २०२० साली पद्मश्री जाहीर झाली. भाज्यांची, कडधान्यांची व भाताची गावरान बियाणी त्यांनी जपली, वाढविली आणि इतरांना दिली. शाळेत न गेलेल्या या महादेव कोळी बाईंनी जे केले, ते एखाद्या विद्यापीठाने केले असते तर आपण त्यास महत्कार्य म्हटले असते. ऋषिपंचमीस अरुंधतीपुढे सुपारी ठेवताना आम्हांस अशा स्त्रियांचे स्मरण होते.

हळद वाचली, पुढे काय?

१९९५ साली अमेरिकेत जखम भरून आणण्याच्या हळदीच्या गुणावर तेथील दोन संशोधकांना एकस्व, म्हणजे पेटंट, देण्यात आले. आपल्या वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने त्यास आव्हान दिले. तेव्हा रघुनाथ माशेलकर हे परिषदेचे महासंचालक होते. परिषदेने पुराव्यादाखल जुने संस्कृत ग्रंथ आणि भारतीय नियतकालिकातील लेख पुढे केले, आणि १९९७ साली ते एकस्व रद्द झाले. सर्वांस आनंद झाला, आम्हांसही झाला. पण त्यातील मर्म ध्यानी घ्या. हळद वाचली, कारण ती लिहिलेली होती. जे ज्ञान केवळ जिभेवर आहे, त्याच्या बाजूने कोणता ग्रंथ साक्ष देणार?

केरळातील अगस्त्य पर्वतावरील काणी जमातीची कथा या दृष्टीने उद्बोधक आहे. १९८७ साली पुष्पांगदन प्रभृती शास्त्रज्ञ त्या रानात हिंडत असता थकून गेले. त्यांचे काणी वाटाडे मात्र एक छोटे फळ खात न थकता चालत होते. खूप आर्जव केल्यावर त्यांनी ती वनस्पती दाखविली. तिचे नाव आरोग्यपच्चा. तिच्यापासून पालोडे येथील वनस्पती उद्यान व संशोधन संस्थेने ‘जीवनी’ हे औषध सिद्ध केले. १९९५ साली त्याच्या निर्मितीचा परवाना दहा लाख रुपये आणि विक्रीवर दोन टक्के स्वामित्वधन या अटींवर दिला गेला. त्यातील अर्धा वाटा काणींचा, असे ठरले. त्यासाठी १९९७ साली त्यांचा न्यास स्थापन झाला. पुढे या व्यवहारात अडचणी आल्या. स्वतः काणींतही मतभेद झाले, आणि या वनस्पतीची रानात लागवड करण्यास वनखात्याचे नियम आड आले. तथापि ज्याने दाखविले, त्याचा वाटा असतो, हे तत्त्व प्रथमच व्यवहारात उतरले.

२००२ च्या जैवविविधता कायद्याने हेच तत्त्व देशास लागू केले. प्रत्येक स्थानिक संस्थेत जैवविविधता व्यवस्थापन समिती असावी, तिने लोकांकडून नोंदवही सिद्ध करावी आणि लाभात त्यांना वाटा मिळावा, असे त्यात सांगितले आहे. परदेशी कंपनीप्रमाणे देशी उद्योगानेही हा वाटा दिला पाहिजे, असा निर्णय उत्तराखंड उच्च न्यायालयाने डिसेंबर २०१८ मध्ये दिला. परंतु २०२३ साली या कायद्यात दुरुस्ती झाली. संहिताबद्ध पारंपरिक ज्ञान वापरणाऱ्या देशातील मंडळींना त्यायोगे लाभवाटपाच्या बंधनातून सूट मिळाली. उद्योग सुलभ व्हावा, वैद्यांना कागदपत्रांचा त्रास होऊ नये, हा हेतू त्यामागे सांगण्यात आला. गल्लीत काढे करून देणाऱ्या वैद्यबुवांना त्रास होऊ नये, हे आम्हांसही मान्य आहे. पण गाड्याच्या गाड्या हिरडा उचलणाऱ्या कारखान्यास, हे ज्ञान संहितेत आहे, सबब वेचणाऱ्याचे देणे नाही, असे म्हणता यावे काय? ज्या संहिता स्वतःच आपण गुराख्याचे ऋणी आहोत असे सांगतात, त्यांचाच आधार घेऊन गुराख्याचे ऋण बुडविणे हा आमच्या लेखी ग्रंथद्रोह आहे. संस्कृतज्ञांनी या बाबतीत मौन पाळू नये.

नाग आणि नागाचा जाणकार

वनस्पतींचे जे, तेच प्राण्यांचे. श्रावणात नागाची पूजा होते आणि भाद्रपदात अंगणात निघालेला साप काठीने मारला जातो. २००० ते २०१९ या वीस वर्षांत आपल्या देशात सर्पदंशाने सुमारे बारा लाख माणसे दगावली, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. तेव्हा भय अकारण नाही. पण भयाचा उतारा कोणापाशी आहे? तमिळनाडूतील इरुळ लोक पिढ्यान्‌पिढ्या साप ओळखीत व पकडीत आले. एके काळी ते सर्पचर्माच्या व्यापारासाठी साप पकडीत. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर तो व्यापार बंद पडला आणि त्यांच्यावर उपासमार ओढवली. तेव्हा रोम्युलस व्हिटेकर यांच्या साहाय्याने १९७८ साली त्यांची सहकारी संस्था उभी राहिली. आता ते नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे पकडतात, काही आठवडे ठेवून त्यांचे विष काढतात आणि त्यांना पुन्हा रानात सोडून देतात. देशातील प्रतिविषाच्या लसीसाठी लागणाऱ्या विषाचा मोठा भाग या लोकांनी पुरविला आहे. २०२३ साली वडिवेल गोपाल आणि मासी सदैयन या दोन इरुळ जाणकारांना पद्मश्री जाहीर झाली.

याचा अर्थ काय? कायद्याने सापाची कातडी वाचविली, ते योग्यच झाले. पण कायदा तेथेच थांबला असता, तर सापाची विद्या जाणणारा मनुष्य उपाशी मरून त्याची विद्याही बुडाली असती. त्या विद्येस नवे काम मिळाले, म्हणून साप जगला, इरुळ जगला आणि दंश झालेला शेतकरीही जगला. मांत्रिकाच्या अंगाऱ्याने जे साधले नाही, ते या माणसांच्या हातांनी आणि शास्त्राने मिळून साधले.

देवराई कोणाची?

सह्याद्रीतील देवराया हा आमच्या धर्मजीवनातील एक अमोल ठेवा. १९७०च्या दशकात माधव गाडगीळ व त्यांचे सहकारी वनस्पतिशास्त्रज्ञ वर्तक यांनी या राया हिंडून पाहिल्या व त्यांची नोंद केली. श्रीवर्धन तालुक्यातील गाणी गावच्या लोकांनी आपल्या राईवर कुऱ्हाड येणार असे कळताच या अभ्यासकांकडे धाव घेतली. गावचा ओढा त्या राईतून वाहतो, राई गेली तर पाणी जाईल, हे त्यांना कोणी शिकविलेले नव्हते. देवीच्या रानातली वाळकी काडीही कौल लावल्यावाचून उचलू नये, हा नियम ज्याने घातला, तो जलशास्त्र जाणत होता. मात्र त्याने ते देवीच्या भाषेत सांगितले.

आज या राया संकटात आहेत, आणि हे सांगताना आम्हांस क्लेश होतात, की संकट पुष्कळदा भक्तीच्या वेषात येते. गावात पैसा आला, की तांदळ्याच्या जागी संगमरवरी मूर्ती हवी असे वाटते. मग कौलारू छपराऐवजी काँक्रीटचे शिखर येते, शिखरासाठी पैसा कमी पडला की राईतली जुनी झाडे विकली जातात, आणि मांडवासाठी, मोटारी उभ्या करण्यासाठी उरलेली तोडली जातात. पुढे वाजतगाजत कलशारोहण होते आणि आम्हा कीर्तनकारांस सेवेचे निमंत्रण येते. आमचे स्पष्ट मत आहे, की राई तोडून बांधलेले देऊळ हा जीर्णोद्धार नव्हे. तेथे देवीचे घर होते ते रानच. ते मोडून तिला खोलीत कोंडणे यास उद्धार कसे म्हणावे? अशा कलशापुढे कीर्तनकाराने उभे राहू नये, आणि उभे राहिलाच तर यजमानाच्या तोंडावर हे सांगण्याचे धैर्य ठेवावे.

यावर नेहमीचा आक्षेप असा, की रान तोडतात ते रानातलेच लोक. त्यांच्या हाती काय सोपवायचे? हे अंशतः खरे आहे. ज्याचा रानावर अधिकार राहिला नाही, तो ठेकेदाराचा मजूर होतो, आणि मजुरास झाडाच्या पुढच्या वर्षाशी कर्तव्य नसते. पण अधिकार हाती असेल तर तोच मनुष्य राखणदार होतो. गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) या गोंड गावास २००६ च्या वनहक्क कायद्याखाली २००९ साली सुमारे अठराशे हेक्टर वनावर सामूहिक हक्क मिळाला. त्या गावाने त्याआधीपासूनच अभ्यासगट बसवून, सर्वसहमतीने नियम करून रान राखले होते. हक्क मिळाल्यावर त्यांनी बांबू तोडला आणि विकला, पण मोजून तोडला. घरचा मालक आणि भाड्याची बैलगाडी हाकणारा यांच्यात जो फरक, तोच हा.

पूजेत काय बदलावे

विचार पुष्कळ झाला, आता आचार. गृहस्थाने जुडी घेण्याचे थांबवावे असे आम्ही म्हणत नाही, कारण त्या जुडीवर कोणाची तरी चूल पेटते. पण बाईस दोन पैसे अधिक देऊन तिच्याकडून चारच पाने घ्यावी, आणि त्या चार पानांची नावे तिच्याच तोंडून मुलांना ऐकवावी. मिळाले नाही ते पान मनाने वाहावे. अक्षता वाहून उणा उपचार पुरा करण्याची सोय शास्त्राने ठेवलीच आहे. खोट्या देवदाराची सोय कोणत्याही शास्त्रात नाही.

देवस्थानांच्या विश्वस्तांनी आपल्या आवारात पत्रीचे उद्यान करावे. ठेकेदाराकडून शोभेची परदेशी रोपे आणून ते होणार नाही. जवळच्या वाडीतील जाणत्या म्हाताऱ्या माणसास सन्मानाने, पगार देऊन बोलवावे आणि कोणते झाड कोठे लावायचे ते त्यास विचारावे. ज्या देवस्थानाच्या अखत्यारीत राई आहे, त्याने तिची सीमा आखून घेऊन, तीत बांधकाम करणार नाही, असा ठराव करावा. गावच्या जैवविविधतेची नोंदवही वरून आलेल्या मुदतीपुरती कचेरीत बसून न भरता चावडीवर वाचून दाखवावी, आणि ज्याने माहिती सांगितली त्याची संमती असेल तर त्याचे नाव तीत लिहावे.

आणि आम्हा कीर्तनकारांनी काय करावे? मनुष्य जन्मतःच देव, ऋषी, पितर आणि मनुष्यमात्र यांचा ऋणी असतो, असे शतपथ ब्राह्मण सांगते. देवऋण आम्ही यज्ञाने फेडतो, पितृऋण श्राद्धाने. ऋषिऋण अध्ययनाने फिटते, असे आजवर सांगत आलो. त्यात एवढीच भर घालू, की ज्यांची नावे कोणत्याही मंत्रसंहितेत नाहीत, ज्यांनी प्रथम आघाड्याचा क्षार चाखून पाहिला, माका केसांना लावून पाहिला, धोतऱ्याचे विष ओळखून लेकरास दूर सारले, तेही ऋषीच होते. आणि त्यांचे वंशज आज पहाटे आपल्या गावच्या बाजारात पत्री घेऊन बसले आहेत.

उद्या पंचमीस सप्तर्षींच्या सात सुपाऱ्या आणि अरुंधतीची एक मांडाल, तेव्हा त्यांच्या शेजारी या अनामिकांसाठीही एक सुपारी ठेवावी. पूजा आटोपल्यावर तिचे विसर्जन करू नये. ती खिशात घालून बाजारात जावे, त्या बाईपुढे थांबावे आणि तिला विचारावे, ‘बाई, ह्या पानाचं नाव काय?’